तिकिटे किती काढायची?

आमच्या घरी सहलीचे बेत ठरतात ते रविवारच्या मिस्सानंतर, चहाच्या टेबलाशी. आणि मोडतात ते बहुधा बुधवारच्या आत. कुणाची रजा मंजूर होत नाही, कुणाची परीक्षा निघते, कुणाकडे बाप्तिस्म्याचे जेवण असते. यंदाचा बेत मात्र चार रविवार तग धरून राहिला आहे आणि त्याचे श्रेय माझ्या नातीला द्यायला हवे. ती पाचवीत आहे. तिच्या बाईंनी महाराष्ट्रातील राष्ट्रीय उद्यानांची नावे वर्गात पाठ करून घेतली. ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि संजय गांधी ही सहा नावे तिने चहाच्या टेबलाशी एका दमात म्हणून दाखवली आणि मला विचारले, ‘‘आजोबा, यांतले तुम्ही कुठले पाहिले आहे?’’

एकही नाही, असे उत्तर देताना मला खरोखरच संकोच वाटला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, बोईसरला बिऱ्हाड आणि मूळ घर वसईला, असे माझे आयुष्य पश्चिम रेल्वेच्या रुळांवरच गेले. बोरिवलीला तर मी शेकडो वेळा उतरलो असेन. कधी दवाखान्यासाठी, कधी साड्यांच्या खरेदीसाठी, कधी आयसी कॉलनीतल्या नातलगाच्या लग्नासाठी. स्थानकाच्या पूर्वेला पंधरा मिनिटे चालले की राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार लागते, हे मला ठाऊक होते. पण तिकडे पाय वळवावेत असे कधी सुचले नाही.

थोरल्या चिरंजिवांनी आपले मत ताडोबाच्या पारड्यात टाकले. वाघ पाहायचा तर खरा पाहावा, असे त्याचे म्हणणे. त्याने मोबाइलवर बोटे फिरवून सगळी माहिती काढली आणि एखाद्या वकिलाप्रमाणे मांडली. ताडोबा हे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे; अंधारी अभयारण्य जोडून १९९५ साली त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. पावसाळ्यात गाभ्याचे क्षेत्र बंद, मंगळवारी सुट्टी. मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशी निरनिराळी प्रवेशद्वारे. प्रत्येक फेरीची नोंदणी आगाऊ करायची, जिप्सीचे भाडे वेगळे, वाटाड्याचे वेगळे. त्याआधी चंद्रपूर किंवा नागपूर गाठायचे. जाऊन येऊन पाच दिवस तरी हवेत. एवढे सांगून त्याने खर्चाचा आकडा कागदावर लिहिला आणि कागद सरकवला. आमच्या हिने तो पाहिला, कपबशा गोळा केल्या आणि एवढेच म्हटले, ‘‘एवढ्यात वसईच्या घराची कौले बदलून होतील.’’ ताडोबा तिथेच बारगळले.

त्याच्या माहितीतली एक गोष्ट मात्र माझ्या मनात राहून गेली. ताडोबा हे नाव तारू या गोंडांच्या देवावरून पडले. तारू हा गावप्रमुख होता, वाघाशी झुंजताना तो मरण पावला आणि तळ्याच्या काठी झाडाखाली त्याचे ठाणे झाले. पौष महिन्यात तिथे आदिवासींची जत्रा भरत आली आहे. वाघाने मारलेल्या माणसाचा देव झाला आणि त्याचेच नाव वाघांच्या जंगलाला मिळाले, हे मला विलक्षण वाटले. त्या वेळी ते नुसते विलक्षण वाटले. पुढे ते माझ्या अंगाशी येणार आहे, याची कल्पना नव्हती.

तेव्हा बोरिवली ठरले. नातीने एक वही केली आणि तिच्यावर ‘मोहीम’ असे लिहिले. घरातल्या प्रत्येकाने माहितीची भर घालायची, असा हुकूम निघाला. उद्यान सोमवारी बंद असते, हे सूनबाईने शोधले. डहाणूहून थेट चर्चगेटला जाणाऱ्या लोकल २०१३ साली सुरू झाल्या, त्यांतली सकाळची कुठली सोयीची आणि परतताना संध्याकाळच्या गर्दीत बोरिवलीला चढण्याचा वेडेपणा न करता दुपारीच कसे निघावे, हे माझ्याकडे आले. त्या विषयात मी स्वतःला तज्ज्ञ समजतो. पूर्वी मुलांना घेऊन फिरणारी ‘वनराणी’ ही छोटी आगगाडी २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात रुळांची नासधूस झाल्यामुळे दीर्घकाळ बंद पडली होती. तेव्हा तिच्या भरवशावर राहायचे नाही, असेही वहीत नोंदले गेले. आमच्या हिच्याकडे डब्याचे खाते. तांदळाच्या भाकऱ्या, फुगे, अंड्यांचे कालवण आणि सुकेळी. इंदेल न्यायचे की नाही यावर दोन रविवार चर्चा झाली. माकडे हातातले खाणे हिसकावून नेतात, हे ऐकून इंदेल रद्द झाले. माकडांना डुकराचे मांस चालते की नाही, हा नातीचा प्रश्न अनुत्तरित राहिला.

मी स्वतः थोडे वाचन केले. उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर, आणि एवढे जंगल मुंबईसारख्या महानगराच्या कुशीत. १८६० साली पूर्ण झालेला विहार तलाव आणि त्यानंतरचा तुळशी तलाव मुंबईला पाणी देतात आणि त्यांचे पाणलोट क्षेत्र राखण्याच्या गरजेतूनही हे जंगल वाचले. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांत बौद्ध भिक्षू शतकानुशतके राहिले. त्यांनी डोंगरात खोदलेली पाण्याची टाकी पाहण्यासारखी आहेत. आपल्या वाचकांना जवळची अशी एक गोष्ट उद्यानाच्या बाहेर, बोरिवलीच्या पश्चिमेस आहे. मंडपेश्वरच्या शैवलेण्यात पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कनांनी चर्च केले आणि तिथल्या भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो. कुणाच्या देवाच्या जागी कुणी देव नेऊन ठेवावा, हा प्रश्न त्या भिंतीपुढे उभा राहिले की टाळता येत नाही.

सफारीतले वाघ आणि सिंह कुंपणातले आहेत. जाळीच्या बसमध्ये आपण बसायचे आणि त्यांच्या अंगणातून फिरून यायचे. खरे मोकळे आहेत ते बिबटे. २०१५ साली झालेल्या मोजणीत उद्यान आणि त्याच्या आसपासच्या भागात ३५ बिबटे आढळले होते. नातीला हे सांगितल्यावर तिने वहीत ‘३५’ मोठ्या अक्षरांत लिहिले आणि खाली प्रश्न केला : ‘ते आपल्याकडे येतात का?’

येतात. या उद्यानाचा नागला हा भाग वसईच्या खाडीच्या अलीकडे, म्हणजे आपल्याच बाजूला आहे. तिथून तुंगारेश्वरच्या डोंगराला लागून रान आहे आणि तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०२४ च्या मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्यात एक बिबट्या दिसला आणि वनखात्याने लावलेल्या पिंजऱ्यात तो सापडेपर्यंत एप्रिलचे तीन आठवडे उलटले. माझी धाकटी बहीण किल्ल्याजवळ राहते. त्या दिवसांत तिचा रोज फोन येई. ‘‘ईस्टर होऊन गेला, तरी हा आमच्यातच,’’ असे ती म्हणायची. ज्या किल्ल्यात संत गोन्सालो गार्सियाचे चर्च आहे, ज्या वाटेने आम्ही लहानपणी सणाला जायचो, तिथल्या झुडपांत तो बसून होता. त्याने तिथे कुणा माणसाला काही केले नाही. आम्ही मात्र हादरलो. वसईच्या विहिरी आणि वाड्या वाचाव्यात म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामागे हरित वसईच्या मोर्चांत माणसे हजारोंनी चालली; मीही रजा काढून चाललो आहे. पण त्या विहिरींच्या मागे उभ्या असलेल्या डोंगरातल्या रानासाठी, आणि त्यात राहणाऱ्यांसाठी, आपण तितक्याच पोटतिडिकीने रस्त्यावर उतरल्याचे मला आठवत नाही.

बेताचा तिसरा रविवार उजाडला आणि त्या दिवशी माझा एक जुना सहकारी घरी आला. बोईसर-चिल्हार रस्त्याच्या आत डोंगराच्या पायथ्याशी त्याचा पाडा आहे. जातीने वारली. मी एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात पाळीचा सुपरवायझर होतो तेव्हा तो माझ्या हाताखाली मदतनीस होता. आता आम्ही दोघेही निवृत्त. म्हणजे मी निवृत्त आणि तो पुन्हा शेतावर. रानभाज्यांच्या दिवसांत तो बाजाराला येतो तेव्हा आमच्याकडे चहाला थांबतो आणि पिशवीभर कर्टुली ठेवून जातो. पैसे देऊ केले तर ऐकू न आल्यासारखे करतो. नातीने त्याला वही दाखवली आणि विचारले, ‘‘तुम्ही पाहिले आहे का बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान?’’

तो हसला. ‘‘माझी बहीण तिथंच दिलीय ना.’’

आम्ही सगळेच चकित झालो. उद्यानाच्या हद्दीत आदिवासींचे पाडे आहेत, हे मी नुकतेच वाचले होते. पण ज्या माणसाबरोबर मी वीस वर्षे एका छपराखाली काम केले, त्याची सख्खी बहीण त्यांतल्या एका पाड्यात नांदते, हे मला ठाऊक नव्हते. त्याला माझ्या मुलांची नावे, इयत्ता, आजारपणे सगळे माहीत. मला त्याच्या बहिणीचे गाव माहीत नाही. ‘‘तुम्ही कधी इचारलं नाही,’’ तो म्हणाला, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे.

सूनबाईने उत्साहाने सुचवले, ‘‘मग तुम्हीही चला आमच्याबरोबर. आम्ही तुमचेही तिकीट काढतो.’’ तेव्हा तो गोंधळल्यासारखा झाला. ‘‘बहिणीच्या घरी तिकीट काढून कोण जातं?’’ पाड्यातल्या माणसाचे नाव फाटकावर सांगितले की सोडतात, असे त्याचे म्हणणे. खरेखोटे फाटकावरच कळेल. पण वहीतला ‘तिकिटे’ हा रकाना त्या दिवशी कोराच राहिला.

त्याच्या बहिणीची हकिकत त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितली. ती लग्न होऊन गेली तेव्हा त्या रानाला कुंपण घालणारी भिंत नव्हती. पुढे १९९७ साली उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश झाला. हजारो झोपड्या उठल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच असलेल्या आदिवासी पाड्यांवरही टांगती तलवार आली. शहर रानात घुसले, त्यात जे मुळात रानातच होते तेही पाहुणे ठरले. मग २००२ ते २००४ ही वाईट वर्षे आली. उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे, विशेषतः मुले, मरण पावली. दुसरीकडे पकडलेले बिबटे या रानात आणून सोडल्याने हल्ले वाढले असावेत, असे विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी नंतर मांडले. आपले रान सोडून परक्या रानात टाकलेले जनावर बिथरते. २०११ पासून वनखाते आणि मुंबईकर नागरिक यांनी मिळून केलेल्या कामात भर राहिला तो माणसांना समजावण्यावर. कचरा साचू देऊ नका, कारण कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. मुलांना काळोखात एकटे सोडू नका. दिसला की सगळ्यांनी मिळून त्याला घेरू नका. ‘‘हे तर आमची आजी सांगायची,’’ माझा मित्र म्हणाला. इतकी वर्षे मी त्याला ‘आमचा एक हेल्पर’ म्हणत आलो. मित्र हा शब्द या लेखात प्रथमच वापरतो आहे.

त्या वाईट वर्षांत बहिणीला माहेरी आणायला तो गेला होता. ती आली नाही. ‘‘वाघोबाचं देऊळ दाराशी आहे, मी कुठं जाऊ,’’ म्हणाली. वारली माणसे बिबट्यालाही वाघच म्हणतात आणि वाघोबा हा दोघांचाही देव. लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत फिरून अभ्यासकांनी अशी दीडशेच्या वर ठाणी नोंदवल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले आहे. मी इतकी वर्षे ज्या रस्त्याने मनोरकडे गेलो त्याच्याही कडेला असे ठाणे आहे. आपण क्रूसापुढून जाताना कपाळाला बोटे लावतो, तसे त्याच्यापुढून जाणारे हात जोडतात. मी ते रस्त्याच्या हद्दीचा दगड समजत होतो.

वाघोबाची गोष्ट मित्राने नातीला सांगितली ती अशी. एका कुमारिकेला मूल झाले. मूल दिसायला माणसासारखे, पण त्याचे रूप बदले आणि वाघ होई. गावाची गुरे नाहीशी होऊ लागली. गाव चिडून त्याला मारायला निघाला तेव्हा त्याची आई मध्ये पडली. तिने करार करून दिला. लेकाने रानात राहायचे, गावाने वर्षातून एकदा त्याचा मान त्याला द्यायचा. तो मान देण्याचा दिवस म्हणजे दिवाळीतली वाघबारस. नारळ, कोंबडा, ज्याची जशी ऐपत. ‘‘मान चुकला की तो आठवण करून द्यायला येतो,’’ मित्राने गोष्ट संपवली.

नात म्हणाली, ‘‘ही तर गुब्बिओच्या लांडग्याची गोष्ट!’’ तिच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात ती नुकतीच झाली होती. चार ऑक्टोबर जवळ येत होता. संत फ्रान्सिसने गुब्बिओ गावाला छळणाऱ्या लांडग्याला गाठले, त्याला भाऊ म्हटले आणि गावाने त्याला रोज खायला द्यावे, त्याने कुणाला इजा करू नये, असा तह घडवून आणला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मीही ती साठ वर्षे ऐकत आलो आणि ती संताच्या चमत्काराची कथा आहे असे समजत आलो. माझ्या नातीने मांडलेल्या त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा ध्यानात आले की दोन्हींत चमत्कार कमी आणि व्यवहार जास्त आहे. तुझे तू घे, माझे मला राहू दे, आणि दिलेला शब्द दर वर्षी पाळ. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचा अभ्यासवर्ग आमच्या धर्मग्रामात झाला होता. सृष्टीशी असलेले आपले नाते हे भावंडांचे नाते, यावर आम्ही माना डोलावल्या होत्या. भावंडांमध्ये वाटण्या असतात आणि वाटणीचा कागद पाळावा लागतो, हे त्या वर्गात कुणी बोलल्याचे स्मरत नाही.

‘वाघबारस’ हा शब्द ऐकल्यापासून मी अस्वस्थ होतो, त्याचे कारण आता सांगतो. १९९२ च्या दिवाळीआधी आमच्या कारखान्यात कामाची घाई होती. सुट्ट्या लागण्यापूर्वी माल जायचा होता. त्या वेळी या माणसाने माझ्यापाशी येऊन वाघबारशीची रजा मागितली होती. मी विचारले, ‘‘कसली पूजा?’’ त्याने सांगितले. मी हसलो. नुसता हसलो नाही. चार जणांदेखत म्हणालो, ‘‘तुझ्या वाघाला सांग, माल गेला की मग ये म्हणावे.’’ सगळे हसले. पुढे माझ्या आठवणीप्रमाणे तो न सांगता गेला आणि मी त्याचा त्या महिन्याचा हजेरी भत्ता कापला. त्याच कारखान्यात पवित्र शुक्रवारी तीन वाजताच्या उपासनेला मी दर वर्षी हक्काने जात होतो आणि माझ्या गैरहजेरीत माझ्या यंत्रांकडे लक्ष देणाऱ्यांत हा असे.

ही गोष्ट मी कबुलीसंस्कारात कधी सांगितली नाही, कारण ती पाप आहे असे मला वाटले नव्हते. शिस्त होती, असे वाटले होते. पण वेदीपाशी दान घेऊन आलेल्याने भावाशी आधी समेट करावा, हे प्रभूचे सांगणे त्या रविवारी अर्पणाच्या वेळी मनात आले आणि गेले नाही. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा घरात कुणी नाही असे पाहून मी विषय काढला. रजेचे सांगितले, हसल्याचे सांगितले, भत्त्याचे सांगितले आणि क्षमा मागितली. मला हे बोलायला बरेच श्रम पडले.

तो थोडा वेळ बशीतल्या चहाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘सायेब, तुमच्या ध्यानात चुकीचं राहिलं. भत्ता तुम्ही कापला तो पावसाळ्यात, मी तापानं पडलो होतो तेव्हा. वाघबारशीला मी गेलोच नव्हतो. तुम्ही नाही म्हणाला, मग कामावरच होतो.’’

मला बोलायला काही सुचेना. मग तो म्हणाला, ‘‘बा एकटाच गेला डोंगरावर. कोंबडा धरायलासुद्धा कोणी नव्हतं. पुढच्या वाघबारशीला बा नव्हता.’’

आपली स्मरणशक्ती आपल्या बाजूने किती लबाडी करते पाहा. मी त्याला न सांगता पळालेला करून ठेवले होते, म्हणजे माझ्या शिक्षेला निमित्त राहिले. तापाची शिक्षा तर मी साफ विसरून गेलो होतो. त्याने मला ‘क्षमा केली’ वगैरे काही म्हटले नाही. त्यांच्या बोलण्यात तसा शब्दच सहसा येत नाही, आणि मीही तो त्याच्याकडून वसूल करण्याच्या फंदात पडलो नाही. चहा संपवून उठताना दारात थांबून त्याने विचारले, ‘‘यंदा वाघबारशीला येणार का? नातीला आणा. इथल्या वाघोबाला भेटू, मग तिकडच्या. तशी रीत आहे.’’ तशी रीत खरोखरच आहे की त्याने ती जागच्या जागी केली, हे मी विचारले नाही.

आमच्या हिला प्रश्न पडला. सहलीला जाणे वेगळे आणि कोंबडा द्यायच्या ठिकाणी जाणे वेगळे. तिचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. आमच्या आईवडिलांच्या काळी असे विचारलेसुद्धा नसते. मी फादरांकडे गेलो. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे म्हटले आहे, हे त्यांनी समजावून सांगितले. मग म्हणाले, ‘‘पाहुणे म्हणून जा, पाहुण्यासारखे वागा. आपली प्रार्थना आपल्या मनात असतेच.’’ आणि मी निघताना, ‘‘पाड्यावर जाताय, तर रिकाम्या हाताने जाऊ नका.’’ ही सूचना हिला सगळ्यांत पटली. जाहीरनाम्यापेक्षाही पटली असावी, कारण घरी पोहोचल्यावर काय न्यायचे याची यादी लगेच सुरू झाली.

तर आता बेत असा आहे. वाघबारशीला आम्ही पाचही जण मित्राच्या पाड्यावर जायचे. थोरल्याने रजेचा अर्ज दिला आहे; तो मंजूर झाला नाही तर काय करायचे, हे मी त्याला सांगितलेले नाही. मी कोणत्या तोंडाने सांगणार? दिवाळी आटोपल्यावरच्या शनिवारी सकाळच्या लोकलने बोरिवली. मित्र आणि त्याची बायको बोईसरलाच आमच्याबरोबर चढतील. त्याच्याकडून बहिणीसाठी नव्या भाताचे तांदूळ, आमच्याकडून वसईची सुकेळी आणि सुके बोंबील. उद्यानात गेल्यावर आधी सफारी की आधी बहिणीचे घर, यावर मतभेद आहेत. नातीचा कौल सफारीला. मित्राच्या मते घरी न जाता वाघ पाहत हिंडणे बरे दिसत नाही. कान्हेरी वेळ उरला तर. मंडपेश्वर बहुधा पुढल्या खेपेस, कारण ते रुळांच्या दुसऱ्या बाजूला पडते आणि हिचे गुडघे दोन्ही बाजूंना पुरणार नाहीत. बहिणीला निरोप गेला आहे. तिने उलट निरोप पाठवला की जेवणाचे डबे आणू नका. त्यामुळे आमच्या हिचे चार रविवारांचे नियोजन फुकट गेले आणि ती जराशी रागावली आहे. फुगे तरी नेईनच, असे तिचे म्हणणे.

वहीतला ‘तिकिटे’ हा रकाना नातीने काल पुन्हा उघडला. रेल्वेची सात, हे लिहून झाले. उद्यानाच्या फाटकावर किती, यापुढे तिने पाच लिहिले, मग सात केले, मग पुन्हा पाच. सफारीच्या बसला मात्र माणशी तिकीट लागणारच, त्यातून बहिणीचे नाव सांगून सुटका नाही, हे मी मित्राला फोनवर समजावून सांगितले आणि त्याच्या तिकिटाचे पैसे मी देणार, हेही ठासून सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, ‘‘काढा. पण त्या कुंपणातल्या वाघाला मान द्यायचा की कसं, ते बहिणीला विचारून घेतो. ती तिथली आहे.’’

नातीने ते वहीत लिहून घेतले आहे.